मांडवाचा हिशेब क्विंटलात मांडा

तुळशीचे लग्न लागले की गावोगाव बोलणी सुरू होतात आणि कापसाचा शेवटचा वेचा घरात येईपर्यंत तारखा धरल्या जातात. जिल्हा बैठकीला येणाऱ्या कित्येकांच्या दारात या हंगामात मांडव पडेल. म्हणून भाव, वीज आणि कर्ज हे नेहमीचे विषय जरा बाजूला ठेवून आम्ही आज लग्नाविषयी लिहीत आहोत. बाजूला म्हणतो खरे, पण मांडवाचा हिशेब भावाच्या हिशेबापासून सुटा करताच येत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच.

उपदेशकांना आमचे उत्तर

शेतकऱ्याला उपदेश करणाऱ्यांचा या देशात कधी दुष्काळ पडला नाही. शेतकरी कर्जात का बुडतो, असे विचारले की उत्तर तयार असते: लग्नात उधळतो म्हणून. हे उत्तर आजचे नाही. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतले कर्जरोखे बाहेर काढून जाळले. १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात पहिली ठिणगी पडली. सरकारने चौकशीला आयोग बसवला. तेव्हाही शहाण्यांनी लग्नखर्चाकडेच बोट दाखवले होते. पण त्या आयोगाने आपल्या अहवालात लिहून ठेवले, की कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे. ऐपतीच्या मानाने तो खर्च मोठा दिसतो, परंतु असे प्रसंग आयुष्यात मोजके येतात आणि कर्जाचे मूळ त्यांत क्वचितच सापडते.

पुढे १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यातही त्यांनी हा आरोप हातात घेतला आणि शेतकऱ्याच्या घरचे लग्न प्रत्यक्षात किती काटकसरीचे असते याचे वर्णन करून तो खोडून काढला. परक्या सरकारच्या आयोगाला जे दीडशे वर्षांपूर्वी उमगले, ते आपल्या स्वराज्यातल्या पंडितांना अजून उमगायचे आहे.

तेव्हा पहिली गोष्ट स्वच्छ सांगून टाकू. शेतकरी लग्नामुळे कर्जबाजारी झालेला नाही. त्याच्या मालाला उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव मिळू दिला जात नाही, म्हणून तो कर्जबाजारी आहे. ज्यांनी ऐन वेचणीच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ रोजी, परदेशी कापसावरचा ११ टक्के आयातकर उठवला आणि पुढे ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, त्यांनी आम्हाला काटकसर शिकवू नये.

परंतु दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे, आणि ती बाहेरच्याने सांगण्याआधी आपणच आपल्याला सांगितली पाहिजे. कर्जाचे मूळ लग्नात नाही, याचा अर्थ त्या झाडाला लग्नाचे पाणी घालत राहावे असा होत नाही. १८७५ साली आयोगाने ज्या लग्नाचा हिशेब केला, ते लग्न आता राहिलेले नाही.

काय बदलले?

जुने लग्न म्हणजे गावाने घातलेले एक मोठे इर्जिक असायचे. मांडवाला डहाळे भावकीने आणायचे. हळद घरच्या जात्यावर बायांनी दळायची. डाळ घरची, ज्वारी घरची, पत्रावळी रानातल्या पानांच्या, वऱ्हाड न्यायला शेजाऱ्याची बैलगाडी. वांग्याची भाजी, वरण आणि बुंदी, की पंगत उठली. चूलबंद आवतण असले तरी वाढायला गावातलीच पोरे. पैसा लागायचा तो बस्त्याला, सोन्याला आणि वाजंत्र्याला. बाकी सगळे श्रमाचे आणि धान्याचे देणेघेणे होते. आज तुमच्याकडे आम्ही राबलो, उद्या आमच्याकडे तुम्ही. त्याला व्याज नव्हते.

आता काय चालले आहे ते तुम्ही पाहताच. लग्नाआधी महिनाभर नवरानवरीला किल्ल्यावर नाहीतर धरणावर नेऊन 'प्री-वेडिंग'चे चित्रीकरण होते, वर ड्रोन फिरतो. साखरपुड्याला वेगळे व्यासपीठ. मेहंदीला सगळे हिरवे, हळदीला सगळे पिवळे: पडदे पिवळे, खुर्च्यांच्या फिती पिवळ्या, करवल्यांच्या साड्या पिवळ्या, नवरीच्या अंगावर फुलांचे दागिने. संगीताच्या रात्री लेहंगा. लग्नाला 'पेशवाई थीम' म्हणजे नऊवारी, नथ, चंद्रकोर, खोपा, पुरुषांना एकसारखे फेटे. नवरी मांडवात येते ती चार भावांनी धरलेल्या फुलांच्या छताखालून. वरमाला पडताना व्यासपीठ गोल फिरते, पायाशी धूर सोडतात, बाजूला अनार उडतात. संध्याकाळी स्वागत समारंभ, त्याला पुन्हा वेगळा पोशाख. 'थीम' हा शब्द आता तालुक्याच्या बिछायत केंद्रवाल्याच्या फलकावरही आला आहे.

यातली मेख लक्षात घ्या. असे प्रसंग आयुष्यात मोजके येतात, असे त्या आयोगाने म्हटले होते. आता एकाच लग्नाचे पाच-सहा प्रसंग झाले आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र रंग, स्वतंत्र कपडे, स्वतंत्र बिल. दुसरे म्हणजे धान्य आणि श्रम यांची जागा रोकड्याने घेतली. फुलांचे छत, फिरते व्यासपीठ, ड्रोन यांतले काहीही इर्जिकाने होत नाही. ज्याच्याकडे रोकडा वर्षातून एकदाच, कापूस विकल्यावर येतो, त्याच्या घरचे लग्न संपूर्ण रोकड्याचे झाले. खर्चाच्या आकड्यापेक्षा खर्चाची ही बदललेली जात कोरडवाहू शेतकऱ्याला जास्त मारते.

कापूस आणि सोने

रुपयांत मोजले की खर्च अंगावर येत नाही. म्हणून आम्ही सांगतो, लग्नाचा हिशेब क्विंटलात मांडा.

२०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये, मध्यम धाग्याचा ७७१० रुपये जाहीर झाला. संकरित ज्वारीचा ३६९९ आणि मालदांडीचा ३७४९. व्यापाऱ्याच्या काट्यावर तेवढा भाव कितीदा पडतो, ते तुम्हाला सांगायला नको. तरी आपण वादासाठी पुरता हमीभाव धरू.

सोन्याने एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा गाठला आणि पुढे तो मागे टाकला. लाखाचाच भाव धरला तरी दहा ग्रॅम सोन्याला सव्वाबारा क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल पिकला असे धरा, म्हणजे अडीच ते तीन एकरांचे सगळे पीक एका तोळ्यात गेले. बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि वेचणी हे सगळे फुकट झाले असे समजून हा हिशेब आहे. एका क्विंटलात एक तोळा यायचा ते दिवस जुन्या माणसांच्या तोंडून अजून ऐकू येतात. त्या दिवसांची रीत आपण चालू ठेवली, त्या दिवसांचा भाव मात्र कोणीतरी काढून नेला.

हीच फूटपट्टी नव्या हौसेला लावा. समजा चित्रीकरणवाल्याने चाळीस हजार सांगितले, तर ते पाच क्विंटल कापूस झाले, म्हणजे सुमारे एक एकर. समजा हळदीच्या सजावटीचे पंचवीस हजार झाले, तर ती पावणेसात क्विंटल ज्वारी झाली, एका कुटुंबाची वर्षाची भाकर. असा कागद करून घरातल्या सगळ्यांसमोर, नवरीसमोरसुद्धा, ठेवा. किती एकर धुरात उडवायचे आणि किती राखायचे, ते मग घरानेच ठरवावे.

वेळेचाही हिशेब करा. बहुतेक लग्ने एप्रिल-मे महिन्यांत होतात. कापूस तोवर विकलेला असतो, तुरीचे पैसे आलेले असतात, हातात असेल नसेल तेवढे सगळे याच दिवसांत असते. आणि याच दिवसांच्या पाठीवर मृग येतो. बियाण्याचे पैसे मांडवात गेले की पेरणी कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर होते. उधारीवर घेणाऱ्याला बियाणे दुकानदार देईल ते, भाव तो सांगेल तो, आणि कापूसही बहुधा त्याच्याच काट्यावर घालावा लागतो. काही ठिकाणी पीककर्जच लग्नाला लागते. मग ते मुदतीत फिटत नाही, व्याजाची सवलत जाते आणि पुढच्या साली बँकेचे दार बंद होते. मांडव एक दिवसाचा, त्याचा हप्ता चार हंगामांचा.

शहराच्या मांडवात आमचे खेडे

एक गंमत सांगण्यासारखी आहे. मोठ्या शहरांतल्या पैसेवाल्यांच्या लग्नांत आता 'गावरान थीम' निघाली आहे. हिरवळीवर रंगवलेली बैलगाडी उभी करतात, जाते आणि उखळ मांडतात, कुडाच्या भिंतीचा देखावा करतात. मडक्यांत ज्वारीची कणसे खोचतात. फुलदाणीत फुटलेल्या कापसाच्या बोंडांच्या काड्या लावतात. एका कोपऱ्यात चूल पेटवून एका बाईला नऊवारी नेसवून भाकरी थापायला बसवतात आणि पिठले-भाकरीसाठी पाहुण्यांची रांग लागते.

आणि त्याच वेळी आमच्या गावात काय चालते? खऱ्या बैलगाडीची लाज वाटते म्हणून ती गोठ्यामागे लपवतात, आणि दारात थर्माकोलचा राजवाडा उभा राहतो. इंडियाला भारताचा देखावा हवा आहे, भारताला इंडियाचा. फरक एवढाच, की त्यांचा देखावा त्यांच्या नफ्यातून होतो आणि आमचा आमच्या कर्जातून. ज्यांच्या मांडवात आमची बोंडे शोभेला लागतात, त्यांना त्या बोंडाचा भाव विचारायची गरज कधी पडत नाही.

आणखी एक पाहा. कापूस पिकवणाऱ्याच्या मांडवात आज कापूस कुठे आहे? पडदे पॉलिस्टरचे, लेहंगा कृत्रिम जाळीचा, फेट्याचे कापड कृत्रिम, आहेराच्या साड्या कृत्रिम. वर्षभर कापसाला गिऱ्हाईक नाही म्हणून आपण ओरडतो, आणि आपल्याच बस्त्यात सुताचा धागा सापडत नाही. थीमच करायची तर आमच्याइतका हक्क कोणाचा? ज्वारीच्या कणसांचे तोरण आपल्या दारात फुकट होते. नवरीला सुती नऊवारी, करवल्यांना सुती पिवळी लुगडी, आहेराला सुती टॉवेल आणि उपरणे, आणि पंगतीत रोडगे किंवा ज्वारीची भाकरी. शहरातले लोक जे देखाव्यासाठी भाड्याने आणतात, ते आमच्या घरात खरे आहे.

मुलीची हौस आणि मुलीचा हक्क

एक गैरसमज होऊ नये. मुलींनी हौस करू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जी पोर लहानपणापासून सुटीच्या दिवशी वेचणीला गेली, जिच्या हाताला बोंडांचे ओरखडे आहेत, तिने एक दिवस पिवळी साडी नेसून मैत्रिणींबरोबर नाच केला तर आभाळ कोसळत नाही. जुन्या लग्नात नवरी मुंडावळ्यांखाली मान घालून बसायची आणि तिला कोणी काही विचारायचे नाही. नव्या लग्नात ती स्वतःच्या पायांनी, मान वर करून मांडवात येते. आम्हाला ते आवडते. जुने ते सगळे सोने म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही.

प्रश्न असा आहे की हौस नेमकी कोणाची आणि बिल कोणाचे? १९६१ पासून हुंडा घेणे कायद्याने गुन्हा आहे. म्हणून आता बोलणीत हुंड्याचे नाव निघत नाही. "आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगले करून द्या," एवढेच सांगतात. या 'चांगले'मध्ये लॉन, सजावट, बँड, डीजे, पाचशे पाने सगळे आले. मागणारे वरपक्षाचे, भरणारा मुलीचा बाप. आमच्या मते हा हुंडाच आहे, फक्त तो मांडवात जाळून दाखवायचा असतो. हुंड्याच्या पैशातला एखादा रुपया तरी कधी मुलीच्या संसाराला लागत असेल, अनारात उडालेला रुपया कोणाच्याच कामाचा नाही.

याची किंमत कोण मोजते, तेही लक्षात ठेवा. २०१७ साली मराठवाड्यात एका शेतकऱ्याच्या मुलीने आपल्या लग्नाचा भार बापावर पडू नये म्हणून जीव दिला. तिची चिठ्ठी वर्तमानपत्रांत छापून आली होती. ती वाचून महाराष्ट्र चार दिवस हळहळला आणि विसरला. आपण विसरू नये. आपल्या मुली घरातली कुजबुज ऐकत असतात. बाप कोणाकडे पैसे मागायला गेला, आईने कोणता दागिना मोडला, हे त्यांना सगळे कळते. आपण घराला ओझे आहोत असे एकाही मुलीला वाटू नये, ही बापाची, भावाची आणि साऱ्या गावाची जबाबदारी आहे.

मुलाकडचेही सुखात आहेत असे नाही. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, हे आता घरोघरचे दुखणे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुणांनी नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. पाहणारे हसले. पण ज्या धंद्यात राम उरला नाही, त्या धंद्यातल्या घरात आपली मुलगी देऊ नये असे शेतकऱ्यालाच वाटते, यात हसण्यासारखे काय आहे? भपक्याने हा डाग झाकला जाईल, या आशेने पोराचा बापही कर्ज काढतो. तो डाग फुलांच्या माळांनी झाकला जाणार नाही, शेतीमालाच्या भावानेच पुसला जाईल.

सगळ्यांत मोठा हिशेब मात्र लग्नानंतर निघतो. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. पण बहिणीने वाटा मागितला की भाऊ म्हणतो, "तुझ्या लग्नात एवढे लावले ना?" आणि तलाठ्याकडे हक्कसोडपत्र पुढे सरकवतो. म्हणजे एका दिवसाच्या सजावटीच्या बदल्यात तिचा जन्माचा जमिनीचा हक्क गेला. असा महागडा सौदा कोणत्याही अडत्याने कोणत्याही शेतकऱ्याशी केला नसेल.

आपल्या चळवळीला हा विषय नवा नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला लाखोंच्या संख्येने शेतकरी बाया जमल्या आणि त्यांनी आपले प्रश्न आपल्या तोंडाने मांडले. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करून दिली. त्याच्याही मागे जायचे तर सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटाशिवाय, खर्चाशिवाय पहिले लग्न लावले. जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत नवरी स्वतः बोलते आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी नवरदेवाकडून वचन मागते. नवरीला मान देणारे लग्न म्हणजे काय, हे या मातीने दीडशे वर्षांपूर्वी दाखवले आहे. विदर्भात गाडगेबाबांनी कर्ज काढून लग्न करू नका म्हणून गावोगाव कीर्तनांतून सांगितले आणि तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत लग्नातल्या उधळपट्टीवर कोरडे ओढले. ही माणसे आमची होती. त्यांनी तोडून बोलावे आणि आपण ऐकावे, हा त्यांचा अधिकार होता. पगारी पंडितांना तो नाही.

बैठकीपुढे पाच सूचना

आचारसंहिता काढून, दंड बसवून लग्ने साधी होत नाहीत. पहिला मोडणारा बहुधा गावचा पुढारीच असतो. म्हणून आम्ही बंदी सुचवत नाही. घरोघर चर्चा व्हावी म्हणून पाच गोष्टी बैठकीपुढे ठेवतो.

एक. लग्न ठरले की अंदाजपत्रक क्विंटलात मांडावे आणि ते बोलणीच्या बैठकीत दोन्ही घरांनी एकत्र वाचावे.

दोन. पुढच्या पेरणीचे बियाणे आणि खत यांचे पैसे आधी बाजूला काढावेत. उरेल त्यात मांडव घालावा.

तीन. जेवढी हौस दोन्ही घरांना हवी तेवढीच करावी आणि तिचा खर्च निम्मा-निम्मा वाटावा. निम्मे भरायची वेळ आली की किती थीम आपोआप गळतात, ते पाहावे.

चार. सजावटीवर जायचे असतील त्यांतले निम्मे तरी पैसे मुलीच्या स्वतःच्या नावे ठेवावेत. लग्नाची नोंद वेळेवर करावी. आणि लग्नखर्चाचे निमित्त करून कोणत्याही बहिणीकडून हक्कसोडपत्र घेणार नाही, असे भावांनी बैठकीत उभे राहून सांगावे.

पाच. मांडवात सूत आणि पंगतीत ज्वारी. निदान आपला माल आपल्या घरात तरी मानाने यावा.

या पाच गोष्टींनी कापसाचा भाव एक रुपयानेही वाढणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यासाठी रस्त्यावरच यावे लागेल. पण रस्त्यावर येणाऱ्याचे हात मोकळे असावे लागतात. ज्याच्या डोक्यावर दुकानदाराची उधारी आणि सोसायटीचा हप्ता बसला आहे, तो कापूस घरात चार दिवस थांबवू शकत नाही, मोर्चाला दोन दिवस देऊ शकत नाही. पडेल त्या भावाने माल घालून तो मोकळा होतो. आपण बांधलेले राहावे यात ज्यांचा फायदा आहे त्यांना आपल्या मांडवातली प्रत्येक उधारी हवीच आहे.

म्हणून मायबहिणींनो आणि भावांनो, मुलीचे लग्न हौसेने करा, गाजावाजाने करा, पण आपल्या पैशाने आणि आपल्या तऱ्हेने करा. मुलगी सासरी जाताना बापाची मान ताठ असली आणि तिच्या नावावर चार पैसे किंवा चार गुंठे असले, तर त्या मांडवाला शोभेसाठी दुसरे काही लागत नाही.